गुरुजी आणि नर्सबाई: एका जोडप्याची आठवण गावात उभी करताना

गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, दिवंगत शिक्षक आणि परिचारिका अशा नवरा-बायकोच्या नावाने अभ्यासिका, फलक, स्मरणिका आणि शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. सुरुवात सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, कार्यक्रम डिसेंबर २०२४ मध्ये. मध्ये काय काय अडलं, किती खर्च आला आणि कुठला कागद कुणाकडून आणावा लागला, ते इथे लिहून ठेवतोय. असं काही करायचं मनात असलेली गावं कोकणात बरीच असणार. घरच्यांनी नावं छापू नका असं सांगितलंय, म्हणून गाव ज्या नावांनी हाक मारायचं तीच वापरतो: गुरुजी आणि नर्सबाई.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. वाचनालय त्यांनी सुरू केलं, नळपाणी योजनेच्या कमिटीत ते होते, आणि निवृत्तीनंतर पडवीत बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. नर्सबाई आरोग्य उपकेंद्रात होत्या. बाळंतपणं, लसीकरण, महिला मंडळ, आणि रात्री-अपरात्री पलीकडच्या वाडीत जाणं. गुरुजी आधी गेले, दोन वर्षांनी बाई.

कोकणात असले निर्णय गणपतीत होतात, कारण मुंबईकर, म्हणजे नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणारे गावचेच लोक, तेव्हा हमखास गावात असतात. २०२३ ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. गौरी-विसर्जनानंतर देवळात बैठक बसली. पहिली सूचना नेहमीप्रमाणे पुतळ्याची. ती तिथेच थांबवणं बरं, कारण सार्वजनिक जागेत पुतळा बसवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, देखभालीची हमी द्यावी लागते, आणि जागेच्या मालकीचा प्रश्न वेगळाच. दुसरी सूचना कमानीची. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, यावर परवानगी कुणाची ते ठरतं, आणि रुंदीकरण निघालं की पहिली कमान जाते. तिसरी सूचना शाळेला नाव देण्याची. तो प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे जातो आणि गावाच्या हातात राहत नाही. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "फुडची धा वर्सं ह्याची झाडलोट कोन करनार?" या प्रश्नात निम्म्या सूचना गळाल्या. उरली वाचनालयाची मागची खोली. ती अभ्यासिका करायची, तिथे फलक लावायचा, आणि थोडा निधी ठेवून दरवर्षी मुलांना मदत द्यायची.

पहिला कागद घरच्यांच्या संमतीचा. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्यासुद्धा. नाव, फोटो आणि पत्रं-डायऱ्या छापायला हरकत नाही, एवढं एका पानावर लिहून घेतलं की पुढे कुणी "आम्हाला विचारलंच नाही" म्हणत नाही. नाव वापरलं म्हणून घरच्यांना संस्थेत कायमचं पद मिळणार नाही, हेही त्याच पानावर असू द्या. हे बोलायला अवघड वाटतं. पण पहिल्याच महिन्यात बोललं की सोपं जातं.

मग ग्रामसभा. वाचनालय गावठाणातल्या ग्रामपंचायतीच्या जागेत आहे आणि मागची खोली ग्रामपंचायतीच्या निधीतून बांधलेली, म्हणून वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव असे दोन्ही लागले. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते, बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. विषय नोटिशीत छापून यायला हवा आणि नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून ग्रामसेवकांकडे अर्ज त्याआधीच गेला पाहिजे. (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तोंडात मात्र ग्रामसेवकच बसलंय.) "ऐनवेळचे विषय" यात घुसवलेला नामकरणाचा ठराव पुढे कुणीही उकरून काढू शकतो. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यात जे कमी असेल ते. शेतं कापणीला आली की एवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आमचा ठराव तसाच तहकूब सभेत झाला आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख, शिक्का हे सगळं असलेली सत्यप्रत लगेच मागून घ्या. दोन-तीन प्रती घ्या, बँकेला एक लागतेच.

खरी वादावादी झाली ती ठरावाच्या मसुद्यावरून. पहिल्या मसुद्यात होतं: "गुरुजी व त्यांच्या सुविद्य पत्नी यांच्या स्मरणार्थ". ज्या बाईने गावातल्या निम्म्या लोकांना पहिला श्वास घेताना पाहिलं, ती ठरावात विशेषण म्हणून आली. हे मुद्दाम कुणी करत नाही. सरकारी कागदाची लिहायची सवयच तशी आहे. समाजवादी नेते मधु दंडवते आणि प्रमिला दंडवते ही नवरा-बायकोची जोडी कोकणाला चांगली ठाऊक. प्रमिलाताई १९८० साली स्वतः लोकसभेवर निवडून आल्या होत्या, तरी आजही बहुतेक लेखांत त्या वाक्याच्या शेवटीच येतात. आम्ही नियम केला तो असा: ठराव, फलक, पावती, बँकेतल्या निधीचं नाव, सगळीकडे दोघांचं पूर्ण नाव आणि प्रत्येकाच्या नावाखाली ज्याचं-त्याचं काम. "सौ.", "श्रीमती", "कै." काहीही लावायचं नाही. त्याने एक वादही मिटला, कारण बाई नवऱ्याच्या मागे वारल्या तर सौ. लिहायचं की नाही यावर बैठकीतली दोन घराणी हटून बसली होती.

आता पैसा. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर.

स्मृती समिती म्हणून नवीन ट्रस्ट काढायचा मोह होतो. शक्यतो काढू नका. दरवर्षीचं लेखापरीक्षण, आयकर विवरण, कार्यकारिणीतले बदल हे सगळं पुढच्या पिढीच्या गळ्यात पडतं. आणि नोंदणी नसलेल्या समितीला लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. गावात आधीच नोंदणी असलेलं वाचनालय, शिक्षण संस्था किंवा देवस्थान असेल तर त्याच्याच खात्यात वेगळा "स्मृतिनिधी" उघडावा. देणगीदाराने "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लिहून दिलेलं पत्र पावतीच्या स्थळप्रतीला टाचून ठेवायचं. तसं पत्र नसेल तर ती वर्षाच्या जमेत धरली जाते आणि खर्चून टाका असा आग्रह सुरू होतो.

वाचनालय नोंदणीकृत होतं, पण बँकेने मुदत ठेव उघडायला धर्मादाय कार्यालयातला पीटीआरचा, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा मागितला आणि त्या उताऱ्यावरचे अर्धे विश्वस्त हयात नव्हते. ही गोष्ट कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक संस्थेत सापडेल. निवडणूक होते, इतिवृत्त लिहिलं जातं, पण विश्वस्त बदलल्याची नोंद करून घ्यायचा, त्याच अधिनियमाच्या कलम २२ चा फेरफार अर्ज कुणी देत नाही. तो बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. मधल्या प्रत्येक निवडीचा फेरफार वेगळा, क्रमाने. सोबत सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं, वारलेल्यांचे मृत्यू दाखले आणि थकलेले लेखापरीक्षण अहवाल. मृत्यू दाखल्यांनी खूप दमवलं, कारण काही जण मुंबईत वारले होते आणि नोंद तिथल्या महापालिकेत होती. कामाला लागण्याआधी आपल्या संस्थेचा उतारा काढून बघा, बाकी सगळं नंतर. आम्ही ऑक्टोबरात हात घातला आणि पावसाळा तोंडावर आला तेव्हा बँकेला चालेल असा उतारा हाती आला. मधले महिने निव्वळ तारखा. या काळात उत्साह ओसरतो आणि लोक "काय झालं त्या कामाचं" विचारायचंही बंद करतात. दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर एक ओळ लिहीत राहिल्याचा फायदा झाला.

दुसरा अडसर गोडीगुलाबीचा होता. एका पतपेढीने बँकेपेक्षा जास्त व्याज देऊ केलं. विश्वस्त संस्थेचा पैसा त्याच अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे शेड्यूल्ड बँक, पोस्ट, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोख्यांतच ठेवता येतो. पतसंस्था त्यात बसत नाही. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं गावात जड जातं, म्हणून कलम छापलेलं पान पुढे करावं.

मुंबईकरांचा पहिला प्रश्न "ऐंशी-जी आहे का?", म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल का, असा असेल तर लक्षात ठेवा: दोन हजार रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, पावतीवर देणाऱ्याचा पॅन लागतो, आणि संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण (तेव्हाचा फॉर्म १० बीडी) भरलं तरच त्याला सवलतीचं प्रमाणपत्र (तेव्हाचं १० बीई) मिळतं. पाच-पाचशे रुपये रोख देणाऱ्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना यातलं काही नको असतं. त्यांना पावतीवर नाव शुद्ध लिहिलेलं हवं असतं.

उतारा येईपर्यंत दुसऱ्या बाजूने माहिती गोळा होत होती. गुरुजींचं सोपं होतं. सेवापुस्तकातल्या नोंदी, शाळेच्या जनरल रजिस्टरातलं अक्षर, वाचनालयाची इतिवृत्तं, नळपाणी योजनेची फाइल. कार्यालयातून मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा. मुदत तीस दिवसांची, प्रतीला पानामागे दोन रुपये. बाईंचं मात्र कागदावर जवळजवळ काहीच नाही. बाळंतपण कुणी केलं हे ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत सापडत नाही, तिथे माहिती देणाऱ्याचं नाव असतं आणि ते बहुधा बाळाच्या बापाचं किंवा आजोबांचं. उपकेंद्राची जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. आणि ती असती तरी त्यातली बायकांची नावं छापता आली नसती, तो त्यांचा खाजगी मामला.

म्हणून बाईंसाठी घरोघरी जाऊन बोलणं रेकॉर्ड केलं. मोबाइल पुरतो. फक्त पंखा बंद करा, पत्र्यावर पाऊस असेल तर जाऊच नका, आणि सुरुवातीला नाव, वाडी, तारीख बोलून घ्या. साल विचारलं तर कुणी सांगत नाही. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर (११ डिसेंबर १९६७), आणीबाणीत का, कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा का (जानेवारी १९९८), फयान चक्रीवादळाच्या वेळी का (नोव्हेंबर २००९), असं विचारलं की साल आपोआप जमतं. एकटीला विचारण्यापेक्षा दोघी-तिघींना एकत्र बसवा, एक चुकली की दुसरी सुधारते. एका आजींनी बाईंचा फोटो हातात घेऊन पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "माजी चारव पोरं हिच्याच हातावर झाली. पैसं इचारलं की म्हनायची, वांगी लावलंस ना, ती दे."

घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाईंची एक चोपडी सापडली. हिशेबाचीच. एका बाजूला वाडीचं नाव आणि बाळाचं वजन, दुसऱ्या बाजूला "तर २५ पैसे", "तर ५० पैसे", "बॅटरीचे सेल". खाडी ओलांडायला तरीवाल्याला दिलेले पैसे त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून देत होत्या आणि लिहूनही ठेवत होत्या. स्मरणिकेतली दोन पानं त्या चोपडीच्या फोटोंची आहेत. लेखांपेक्षा लोक तीच पानं पुन्हा पुन्हा उघडतात.

जुन्या फोटोंबद्दल: कोकणच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतात. ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, फ्लॅश न लावता, खिडकीच्या बाजूच्या उजेडात तिरपा धरून फोटो काढा. सुटे फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करा. बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर पसरते, मऊ कोरडा ब्रश फिरवायचा.

जन्मतारखांच्या नादी फार लागू नका. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच टाकली. गुरुजींचीही तीच. फलकावर फक्त सालं घातली.

फलकाचा दगड. जांभ्यावर अक्षरं टिकत नाहीत, तो भोकाभोकांचा. पितळ खाऱ्या वाऱ्याने वर्षात हिरवं पडतं. साधं स्टील समुद्राजवळ तांबूस डाग धरतं, घ्यायचंच तर ३१६ प्रतीचं घ्यावं. काळा ग्रॅनाईट सगळ्यात बिनघोर. आम्ही तीन फूट बाय दोन फूट, वीस मिलिमीटर जाडीचा घेतला. वजन साधारण तीस किलो भरतं, म्हणून नुसत्या गिलाव्यावर चिकटवून चालत नाही. जांभ्याच्या भिंतीत स्टीलचे अँकर आणि मागे इपॉक्सी असं दोन्ही केलं. लोखंडी खिळे, पट्ट्या अजिबात नकोत. गंजून फुगतात आणि कोपऱ्यातून दगड फोडतात. अक्षरं खोल कोरून घ्या आणि रंग त्यात भरा. नुसती वरवर घासून रंगवलेली अक्षरं दोन पावसाळ्यांत पुसट होतात. दगड, कोरीव काम आणि बसवणं मिळून साडेनऊ हजार रुपये झाले.

कोरणाऱ्याकडे जाण्याआधी मजकूर खऱ्या मापात कागदावर छापून त्या भिंतीवर चार दिवस लावून ठेवा. येणारे-जाणारे चुका काढतात. कोरणाऱ्यांचे संगणक जुन्या फाँटवर चालतात, युनिकोडचा मजकूर तिथे टाकला की रफार आणि "ऱ्या" सरकतात. "निवृत्त परिचारिका" चं "निवृत परिचारीका" होताना थोडक्यात वाचलं. मजकूर चाळीस शब्दांच्या आत ठेवा. आणि "यांच्या शुभहस्ते" ही ओळ फलकावर घेऊ नका, हे माझं ठाम मत. पाहुण्यांची नावं आणि पदं लिहिली की ज्यांच्यासाठी दगड आणला त्यांना तळाची पट्टी उरते.

ती ओळ नसल्याचा आणखी एक फायदा झाला. कार्यक्रम मे २०२४ मध्ये, आंब्याच्या दिवसांत, मुंबईकर असताना करायचा बेत होता. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, आपल्याकडे मतदान ७ मेला. ग्रामपंचायतीच्या जागेत उद्घाटन होईना. मग पाऊस. गणपतीनंतर करू म्हटलं तर विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. फलक मात्र तयारच होता आणि त्यावर कुणा पुढाऱ्याचं नाव नसल्यामुळे झाकून ठेवायची पाळी आली नाही. तारीख ठरवताना निवडणुकीचं वर्ष बघा, आणि भिंतीचं काम नोव्हेंबर ते मे या काळातच उरका. ओल्या भिंतीवर इपॉक्सी धरत नाही.

थांबलेल्या महिन्यांत स्मरणिका नीट झाली. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात होते, म्हणून पानं सोळाच्या पटीत धरा. आमची चौसष्ट पानं आणि मुखपृष्ठ, तीनशे प्रती, प्रतीमागे पंचाण्णव रुपये, म्हणजे साडेअठ्ठावीस हजार. जाहिराती घेतल्या नाहीत. लेख मागवताना "दोनशे शब्द, एकच प्रसंग" असं सांगितलं, नाहीतर प्रत्येक जण "त्यांचे कार्य अतुलनीय होते" लिहून पाठवतो. दोघांच्या पानांची संख्या सारखी ठेवायला संपादन करणाऱ्यांना बरंच झगडावं लागलं.

कार्यक्रम डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, शाळेच्या पटांगणात. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी आधी घेतली. भाषणं तीनच. फलकावरचा पडदा बाजूला केला तो उपकेंद्रात बाईंबरोबर काम केलेल्या मदतनीस बाईने आणि गुरुजींच्या पहिल्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने. मंडप, उसळ-वडे, चहा मिळून खर्च वर्गणीतूनच निघाला. निधीला हात लावला नाही, आणि तसा ठराव आधीच करून ठेवणं बरं.

निधी तीन लाखांवर थांबला. व्याज सात टक्के धरलं तर वर्षाला एकवीस हजार. त्यातले दहा टक्के, एकवीसशे, मुद्दलात परत जातात, नाहीतर दहा वर्षांत महागाईत निधीला काही किंमत उरत नाही. राहिलेले अठरा हजार नऊशे तीन मुलांत सारखे, म्हणजे सहा हजार तीनशे प्रत्येकी. एक जागा नर्सिंग शिकणाऱ्या मुलीची, एक शिक्षणशास्त्र शिकणाऱ्याची, तिसरी खुली. निवड समितीत मुख्याध्यापक, उपकेंद्राच्या परिचारिका आणि वाचनालयाचा एक सदस्य. घरच्यांपैकी कुणी नाही. रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जाते, कार्यक्रमात पाकीट देत नाही. एखाद्या वर्षी नर्सिंगचा अर्ज आला नाही तर ती रक्कम दुसरीकडे न वळवता पुढच्या वर्षी दोघींना द्यायची, असंही नियमात लिहिलंय. ते लिहिलं नसतं तर पहिल्याच वर्षी वाद झाला असता, कारण नर्सिंगचा एकही अर्ज आला नाही. जूनमध्ये तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या फलकांवर सूचना लावली, तेव्हा पुढच्या फेरीसाठी दोन नावं आली. अर्जाचा नमुना, संमतिपत्राचा मसुदा आणि फेरफार अर्जाला जोडायच्या कागदांची यादी वाचनालयाच्या कपाटातल्या फाइलीत आहे. कुणाला हवी असेल तर सकाळी नऊ ते अकरा या वेळात येऊन झेरॉक्स काढून न्यावी. सोमवारी वाचनालय बंद असतं.